एकोणीसचा पाढा

"तुमच्या मेंढ्या एकोणीस-एकोणीसच्या गठ्ठ्यानं वितात का हो?"

पालासमोर येऊन उभ्या राहिलेल्या त्या बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, पाणी नाही. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हातातली भाकरी तशीच राहिली.

"मेंढीला एकच कोकरू हुतं, बाई. लई झालं तर दोन," मी म्हणाले.

त्यावर त्या इतक्या मोकळेपणानं हसल्या की माझी भीती पळाली. सरकारी माणूस पालावर आला की आम्ही बाया पालात शिरायचो. या बाईंच्या खांद्याला कापडी पिशवी होती, पायातल्या चपलेचा अंगठा तुटून सुतळीनं बांधलेला होता, आणि उन्हानं नाकाचा शेंडा लाल झाला होता. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्या दगडावर बसल्या आणि मागून पाणी प्यायल्या.

"मी वैजयंती वाळिंबे. जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत असते. संशोधन सहायक."

"म्हंजी लस टोचणार?"

"नाही."

"लोकर घेणार?"

"नाही."

"मग करता काय वं तुमी?"

"दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे बघते. जुळत नसले, की का जुळत नाहीत ते शोधते."

"आन् जुळलं तर?"

"तर गुमान घरी जाते. पण तुमच्याकडचे जरा जास्तच जुळलेत, ठकूबाई. म्हणून चालत आले."

माझं नाव त्यांनी वाटेवर कुणाला तरी विचारून घेतलं असणार. पिशवीतून एक मोठा कागद काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. उभ्या-आडव्या रेघा, आणि रेघांत मुंगळे बसावेत तशी अक्षरं.

"मला अक्षर ठावं न्हाय, बाई."

त्यांनी 'अरेरे' म्हटलं नाही, की ओशाळल्या नाहीत. कागद घडी करून ठेवला आणि आजूबाजूचे खडे वेचायला लागल्या. मी भाकरी तव्यावर टाकली. ती उलटेपर्यंत त्यांनी खड्यांचे सहा ढीग केले होते.

"हा एक ढीग म्हणजे एकोणीस. असे सहा. एकशेचौदा. ही तुमच्या सासऱ्यांनी गेल्या गणतीत सांगितलेली मेंढरं. बरोबर?"

"असतील."

"पलीकडं दडसांच्या वाड्यावर, त्यांच्या तळावर, असे पाच ढीग. ओढ्याकाठी असे आठ. या पट्ट्यात तुमचे सतरा वाडे, त्यातल्या अकरा वाड्यांचा आकडा असाच. एकोणीसचा पाढा म्हटल्यासारखा. सुटा खडा एक नाही. मेंढी कुठं पाढा शिकते का?"

मी चुलीतला जाळ पुढं सारला. मला कारण ठाऊक होतं. आमच्यातल्या रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक असायचं. पण ते बाहेर सांगायचं नसायचं.

"आमचे साहेब म्हणतात, मोजणाऱ्यानं झाडाखाली बसून मनानं आकडे भरले. हा तक्ता रद्द करा, मागचा जुना घ्या," बाई सांगत होत्या. "मी म्हटलं, खोटे आकडे भरणारा माणूस शंभर, दीडशे असे गोल भरतो. एकोणीस कोण भरेल? मला चार दिवस द्या. त्यातला आज पहिला."

"जुना घेतला तर काय हुतं?"

"जुन्यात तुमची साठच मेंढरं आहेत. लस त्या हिशेबानं येईल."

माझ्या हातातलं उलथनं तव्यावर आपटलं. बाईंनी चमकून बघितलं. माझं लक्ष पालामागच्या धाकट्या वाघरीकडं गेलं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. थोरली वाघर मेंढरांची, धाकटी कोकरांची. त्यात महिना-दीड महिन्याची कोकरं एकमेकांच्या अंगावर माना टाकून पडली होती.

गेल्या साली याच दिवसांत अशीच अठरा देवीनं गेली होती. माणसाला देवी यायच्या तशाच मेंढरांनाही यायच्या. तोंडावर, कानावर, शेपटीखाली फोड, मग खपल्या, मग पाय खोडून पडायचं. त्याआधीच्या साली चौदा गेली. त्याच्याही आधी. थोरल्या मेंढरांना लस टोचायला लागल्यापासून ती वाचत होती, पण इतक्या लहान कोकरांना लस चालत नाही, असं ढोरांचे डॉक्टर म्हणायचे. "कळपातली सगळी टोचलेली असली तर कोकरांपर्यंत रोग पोचणार नाही," असंही म्हणायचे. आणि तरी तो पोचायचा. दर साली डॉक्टर डोकं खाजवायचे आणि माझे सासरे म्हणायचे, "त्येचं त्यानं नेलं." मी मात्र अठरा वेळा खड्डा खणला होता. औंदा एकही कोकरू मातीत घालायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं, आणि ते कसं जमवायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"बाई, सांजच्याला मामा मेंढरं घिऊन येत्यात," मी म्हणाले. "तंवर बसा. भाकरी खावा."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. बाकी सारे त्यांना म्हाकूआबा म्हणत.

त्या बसल्या. भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं, पुन्हा चटणी मागितली. दुपारभर मला प्रश्न विचारत राहिल्या. मेंढीचा कान का कापता? खुणेसाठी, प्रत्येक घराचा काप वेगळा. मोजता कसे? खंडीनं, वीस मेंढरांची एक खंडी. मग तुमच्या किती खंड्या? मी जीभ चावली आणि म्हणाले, "मामांना इचारा."

दिवस कलता मामा आले. पुढं ते, मागं धुरळा. बाई आधीच थोरल्या वाघरीच्या तोंडाशी दगडावर जाऊन बसल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं, मग मुकाट्यानं जाळीचं तोंड एका मेंढीपुरतं उघडलं. आमच्यात एकाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ, दोन, तीन, चार..."

मेंढरं एकेक करून आत शिरत होती. बाईंच्या मांडीवर वही होती, पण त्या लिहीत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. एकोणीस झाले की मामा एक खडा खिशात टाकायचे आणि पुन्हा लाभपासून सुरू करायचे. मधेच एखादी मेंढी अशी यायची की मामांची मान वर जायची. तोंड गप्प. ती मेंढी आत गेली की मान खाली, आणि मोज पुढं चालू.

सगळी आत गेल्यावर बाई उठल्या.

"आबा, मधे मधे वर काय बघत होता?"

"आभाळ आलंय का बगत हुतो."

"सहा वेळा?"

"आभाळाचा काय नेम हाय, बाई?"

"आणि सहाही वेळा कान न कापलेलीच मेंढी आत शिरली, त्याचा काय नेम?"

मामांच्या मिशा हलल्या. माझ्या लग्नानंतर अकरा वर्षांत मी त्यांना असं हसताना दोनदाच बघितलं असेल.

"ठकू, च्या टाक. बाईला डोळं हायती."

चहा पिता पिता त्यांनीच सांगितलं. आमच्या भावकीची रीत होती, की दर खंडीत एक मेंढी बिरोबाची. तिचा कान कापायचा नाही, ती विकायची नाही, आणि मोजायची तर कधीच नाही. देवाचं मोजलं म्हणजे आपलं म्हटलं. म्हणून वीसच्या खंडीत एकोणीस सांगायची. मोजणारा आला तेव्हा त्यालाही एकोणीस एके एकोणीस करूनच सांगितलं.

बाईंनी वहीवर हात मारला. "म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही! मोजणारा खरा, तुम्ही खरे, आणि आकडा तेवढा चुकलेला." लपाछपीत गडी सापडलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्या एकदम थांबल्या. "आबा, पण लस आकड्यावर येते. एकशेचौदा मेंढरांची एकशेचौदा. मग या सहांना कुठली टोचता?"

"त्यास्नी कशाला? ती देवाची. देव बघून घील."

"बरं. आणि देवीचा रोग आला, की आधी कुणाला होतो?"

"देवाच्याच मेंढरास्नी," मामा छाती काढून म्हणाले. "तीच तर त्येची माया. पयलं आपल्या अंगावर घेतो."

बाईंच्या हातात सकाळच्या ढिगातला एक खडा होता. तो त्या बोटांत फिरवत राहिल्या.

मला वाटलं, बाईला आमची रीत नीट कळली नसेल. म्हणून मीच पुढं सांगितलं, "आन् रोगाची कुणकुण लागली, की आमी ती देवाची मेंढरं कोकरांच्या वाघरीत बांधतो."

"का?"

"राखायला."

खडा फिरायचा थांबला. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. त्या बोलल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्यांनी नजर चोरली, आणि मला सगळं एकदम दिसलं. गेल्या सालची ती सहा मेंढरं, ओठांवर पहिले फोड आलेली. त्यांच्या गळ्यातली दोरी, धाकट्या वाघरीतली मेख, आणि दोरीला गाठ मारणारे हे माझेच दोन हात.

"काय झालं?" मामांनी विचारलं. "का गप बसला दोगी?"

"आबा," बाई हळूच म्हणाल्या, "एका वाड्यावरून मी काही म्हणणार नाही. तसं म्हटलेलं माझ्या कामात चालत नाही. अजून सोळा वाडे आहेत. तीन दिवस आहेत. बघून येते."

त्या गेल्या. कुठं राहिल्या, काय खाल्लं, देव जाणे. तीन दिवस मी कामं करत होते, पण जीव त्या सुतळी बांधलेल्या चपलेबरोबर फिरत होता. त्या येऊन 'तसं काही नाही' म्हणाल्या तर माझे हात दोषातून सुटत होते. 'तसंच आहे' म्हणाल्या तर कोकरं वाचायची वाट सापडत होती. मला काय हवं होतं ते मलाच कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्या आल्या. चप्पल हातात होती. मामा त्या दिवशी मुद्दाम जवळच चारत होते. बाईंनी खाली बसून दोन ओळी खडे मांडले.

"या ओळीत ते वाडे, जिथं देवाची मेंढरं कोकरांत बांधतात. दहा कोकरांतली सहा गेली." त्यांनी सहा खडे बाजूला सारले. "या ओळीत ते, जिथं ती वेगळी, डोंगरावरच्या देवळापाशी ठेवतात. दहातलं एक गेलं."

"देऊळ जवळ हाय म्हनून वाचली," मामा म्हणाले.

"असेल. तेही मी विचारलं. दोन वाड्यांचं देऊळ कोसावर आहे. तिथंही कोकरं वाचली."

मामा काठी टेकून उभे होते. ते बराच वेळ त्या बाजूला सारलेल्या सहा खड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खडं उचला, बाई. बगवत न्हाय."

बाईंनी उचलले. मी माझ्या हातांकडं बघायचं टाळत होते.

"आता करायचं काय?" मामांनी विचारलं.

"त्या सहांनाही लस टोचायची. सगळ्या वाड्यांवर. मग रोग आणायला कुणी उरणार नाही."

"सुई टोचा. सुईला माजी ना न्हाय. पर तुमाला लस मागायची तर आकडा लिवावा लागंल. लिवला, की मोजलं. ते माज्यानं हुनार न्हाय. माज्या बापानं केलं न्हाय."

बाईंनी कपाळावरचे केस मागं सारले. त्या दमल्या होत्या. कागद उघडून बघत बसल्या. मला वाटलं, संपलं आता. तेवढ्यात त्यांनी पेन काढलं आणि कागदाच्या वरच्या ओळीतला एक शब्द खोडला.

"आबा, मेंढरं किती ते मी विचारतच नाही. मला सांगा, खंड्या किती?"

"सहा," मामा पटकन म्हणाले. खंडी सांगायला कुणाची मनाई नव्हती.

"सहा खंड्या. मी तेवढंच लिहिते. प्रत्येक वाड्याला एवढंच विचारीन. एका खंडीत किती, आणि सगळी मिळून किती, तो गुणाकार कचेरीत होईल. इथं कुणी काही मोजलेलं नसेल."

मामांनी डोळे बारीक केले. "म्हंजी पाप तुमच्या माथी."

"माझ्या नाही, साहेबांच्या. सही त्यांची असते."

या खेपेला मामा आवाज करून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "लिवा."

पंधरा दिवसांनी लस आली. डॉक्टर टोचताना तोंडानं मोजायला लागले, तेव्हा मामांनी त्यांच्या खांद्यावर काठी ठेवली. "मोजू नगा."

"अहो, मग कुठली झाली, कुठली राहिली, कळणार कसं?"

"ही गेरूचं बोट लावतीया की."

मी टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरू ओढत गेले. कान न कापलेली मेंढी आली की मामा आभाळाकडं बघायचे, आणि सुई तिलाही बसायची. शेवटच्या मेंढीला शेवटची सुई झाली, तेव्हा डॉक्टरांच्या पेटीत एक थेंबही उरला नव्हता. ते म्हणाले, "बरोब्बर आली. आता लस अंगी लागायला एकवीस दिवस. तोवर सांभाळा."

बाराव्या दिवशी ओढ्यापलीकडं परमुलखातला एक कळप उतरला, आणि त्यांच्यात देवी असल्याची बातमी आली. मामा रानातून तसेच माघारी आले.

"ठकू, देवाची आत बांध. कोकरांत."

मी धाकट्या वाघरीच्या तोंडाशी उभी होते.

"न्हाय, मामा."

आमच्यात सासऱ्यापुढं सून मान वर करत नसे. मी केली.

"आता तर सुई बी टोचलीया त्यास्नी," ते म्हणाले.

"एकवीस दिस झालं न्हाईत. आज बारावा हाय."

"तू मोजतीस?"

"मोजते. रोज दोरीला गाठ मारते. दिस मोजायला देवाची मनाई न्हाय."

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. "मग कोकरं राखायची कुणी गं? कायतरी राखाय पायजे का न्हाय?"

"तुमी बसा."

ते तिथंच उभे राहिले. मग पालात जाऊन आपलं घोंगडं घेऊन आले आणि धाकट्या वाघरीच्या तोंडाशी अंथरून बसले. देवाची सहा मेंढरं मी लांब, टेकाडाच्या कडेला बांधली. थोरला कळप रोज मी चारायला नेऊ लागले, सांज-सकाळ आया तेवढ्या कोकरांना पाजायला आणायचे, आणि मामा नऊ दिवस तिथंच बसून होते. भाकरी तिथंच खायचे. आल्यागेल्याला काठी दाखवून लांबूनच परतवायचे. दडसांचा म्हातारा हसत म्हणाला, "काय म्हाकू, देवाच्या जागी तू बसलास व्हय?" मामांनी त्यालाही काठी दाखवली.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी खाली बघतच म्हटलं, "ठकू, गेल्या सालची ती मेंढरं."

मी उभी राहिले.

"बांध म्हनून म्या सांगितलं हुतं. तू फकस्त गाठ मारलीस. ध्यानात ठीव."

त्यांना माझ्या मनातलं कसं कळलं ते मला आजवर कळलेलं नाही. मी भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि पदर तोंडात धरून चुलीकडं आले.

ओढ्यापलीकडचा कळप पुढं निघून गेला. एकविसाव्या दिवशी सकाळी मी दोरीला शेवटची गाठ मारली आणि धाकटी वाघर उघडली. कोकरं उड्या मारत बाहेर पडली, आयांच्या पोटाखाली शिरली, ढुशा द्यायला लागली. मी एकेकाला पकडून तोंड बघितलं, कान बघितले, शेपटी उचलून बघितली. मामा घोंगड्यावरून उठले नव्हते. पायांना मुंग्या आल्या होत्या, की त्यांना बघायचंच नव्हतं, कोण जाणे. त्यांनी मान फिरवून आभाळाकडं बघितलं.

"किती हायती?" त्यांनी विचारलं.

मी शेवटचं कोकरू खाली सोडलं.

"सगळी, मामा."